काजू फोडून खाणारी पारूताय

गावच्या देवळात मी आता कौल लावत नाही. कोणी कारण विचारलं तर सांगतो, हात थरथरतो. समोर चहाचा कप आला की मुद्दाम बशीवर दोनदा वाजवतो, म्हणजे विचारणाऱ्याची खात्री पटते. खरं सांगायचं तर माझा हात अजून इतका स्थिर आहे की सुईत दोरा पहिल्याच खेपेला जातो. बायकोला हे माहीत आहे. ती आठवड्यातून एकदा तरी विचारते, "तुमच्या हाताक झालां तरी काय?" मी पेपर तोंडासमोर धरतो.

हाताला काय झालं ते सांगायचं तर आधी पारूताय सांगावी लागेल.

पार्वती वायंगणकर. पाच वेळा आमदार. मुंबईच्या पेपरांत तिच्या नावाआधी 'ज्येष्ठ' आणि 'अभ्यासू' हे दोन शब्द लावायची पद्धत होती, आणि सभागृहात म्हणे ती बोलायला उभी राहिली की मागे बसलेले अधिकारी भराभर कागद चाळायला लागत. आम्हाला ती पारूताय. विजयदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा गाव, आणि देवळाच्या खालच्या अंगाला तिचं घर, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. मी प्राथमिक शाळेत मास्तर झालो, निवृत्तही झालो, तरी तिच्या तोंडी मी 'बाबल्या'च राहिलो. फक्त माझा संशय आला की ती मला 'मास्तरानू' म्हणायची. आणि संशय पक्का झाला की मालवणी सोडून कचेरीतल्या शुद्ध मराठीत यायची. तिने "गुरव मास्तर, आपण जरा बसा," असं म्हटलं की आपण आधी काय बोललो ते मी आठवायला लागायचो.

संशय तिचा सख्खा भाऊ होता म्हणा. तो तिला मिळाला वेंगुर्ल्यात. तरुणपणी ती मामाकडे राहून तिथल्या काजूच्या कारखान्यात कामाला होती, गर निवडायच्या टेबलावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर काजूचा ढीग, आणि त्यातून अख्खा, फुटका, डागी असं वेगळं करायचं. अकरा वर्षं तिने हे केलं. तिथे तिला एक गोष्ट कळली, की सगळ्यात वाईट काजू तो, जो वरून सगळ्यात चांगला दिसतो. "भायरसून गोरोगोमटो, आत किडो. फोडल्याशिवाय कळणा नाय," असं ती म्हणायची. त्यामुळे ती आयुष्यात एकही काजू अख्खा खायची नाही. दोन नखांमध्ये धरायचा, कट्‌कन दोन भाग करायचे, आत बघायचं, मगच तोंडात. आमच्या घरी तसं, पालकमंत्र्यांच्या बंगल्यावरही तसंच. एका मंत्र्याने म्हणे हसून विचारलं, "ताई, आमच्या काजूवरही विश्वास नाही?" तर ही म्हणाली, "काजूवर आहे." आणि दुसरा फोडला.

हे मला तिच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. ड्रायव्हर थापाडा होता, तेव्हा मंत्र्याचं कितपत खरं ते मला माहीत नाही. पण मोरीच्या कठड्याची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. खालच्या वाडीला जाणाऱ्या रस्त्यावर ओढ्यावर नवी मोरी, म्हणजे छोटा पूल, झाली होती. मांडव, फीत, लाऊडस्पीकर, ठेकेदार नव्या शर्टात. नारळ फोडायला एक सजवलेला दगड ठेवला होता. ताईने नारळ हातात घेतला, दगडाकडे पाहिलं, ठेकेदाराकडे पाहिलं, आणि चार पावलं चालत जाऊन तो नारळ मोरीच्या कठड्यावर हाणला. नारळाला काही झालं नाही. कठड्याचा वीतभर तुकडा मात्र खाली पऱ्ह्याच्या पाण्यात पडला. लाऊडस्पीकरवाल्याने गाणं बंद केलं. ताई नारळ उलटसुलट बघत म्हणाली, "नारळ बरो आसा. घरी न्हेतंय, सोलकढीक होतलो. कठड्याचां तुमी बघा." आणि फीत न कापता गाडीत बसली. मोरी पुन्हा बांधावी लागली. तिच्यावरून आज भरलेला ट्रक जातो.

लोक तिला मतं द्यायचे ते या कठड्यासाठी. पण प्रेमाने कोणी तिच्या घरी चहाला गेलं असं मी फारसं पाहिलं नाही. कारण कठडा तपासणारी बाई माणूसही तपासते. तिची एक खोड अशी होती की तीन कार्यकर्त्यांना ती एकच बातमी तीन तऱ्हांनी सांगायची. एकाला सांगायची मी सोमवारी येते, दुसऱ्याला मंगळवारी, तिसऱ्याला बुधवारी, आणि तिघांनाही ताकीद द्यायची, कोणाला कळता कामा नये. मग विरोधी गटाने मंगळवारी काळे झेंडे तयार ठेवले की तिला कळायचं कोणाच्या तोंडाला झाकण नाही. त्या माणसाला ती काही बोलायची नाही. पुढच्या वेळी सतरंज्या घालायचं काम त्याच्याकडे यायचं, एवढंच.

माझीही तिने अशी परीक्षा घेतली. तिसऱ्या निवडणुकीच्या आधी शाळेत येऊन, पोरं घरी गेल्यावर, हळूच म्हणाली, "कोणाक सांगा नको बाबल्या. यंदा मी उभी रवूचंय नाय." मी दोन महिने ती बातमी पोटात घेऊन फिरलो. बायकोलासुद्धा बोललो नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला हे किती अवघड ते बायकोच सांगेल. दोन महिन्यांनी ताई दारात आली आणि म्हणाली, "नाय सांगलस. बायलेकय नाय. पास झालस." मला असा राग आला. म्हटलं, "माका कित्याक परीक्षेक बसवलस गो? मी काय तुझो कार्यकर्तो?" तर म्हणाली, "तू कौल लावतस."

इथे कौलाचं सांगायला हवं. आमच्याकडे घर बांधायचं असो, मुलीचं लग्न असो, गावात कोणा दोघांत फूट पडलेली असो, गावदेवी पावणाईला विचारल्याशिवाय काही होत नाही. देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीपुढे मागणं मांडायचं, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नको. गाऱ्हाणं घालणं आणि पाकळ्या लावणं ही दोन्ही कामं आमच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. दोन्ही पाकळ्या एकाच बोटाने, एकाच जोराने लावायच्या. "हात आपलो, पण जोर आपलो न्हय," म्हणायचे. कारण पाकळी अंगठ्याने दाबून बसवली की टिकते, आणि नुसती टेकवली की सुटते. बघणाऱ्याला काही कळत नाही. लावणाऱ्याला कळतं.

पारूतायला पहिल्यांदा तिकीट मिळालं तेव्हा ती पंचायत समितीची सभापती होती. कौल माझ्या वडिलांनी लावला, मी तबक धरून मागे उभा होतो. उजवी पडली. लोकांनी नारळ फोडले, गुलाल उधळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई एकटी आमच्या पडवीत हजर. वडिलांना म्हणाली, "आबानू, खरां सांगा. कोणी सांगल्यान तुमका उजवो पाडूक?" माणसं डावा पडला की भांडायला येतात. उजवा पडला म्हणून जाब विचारायला आलेली ही पहिलीच. तिचं म्हणणं असं, की तिला उभी करून मतं फोडायचा विरोधकांचा डाव असणार, म्हणून कालपासून सगळेच इतके खुशीत आहेत. वडिलांनी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती आपल्या परसातलं देवचाफ्याचं फूल आणि आपल्या विहिरीचं पाणी घेऊन देवळात आली आणि दुसरा कौल मागितला. देवळाच्या विहिरीवर संशय घेतलेला आमच्या पाच पिढ्यांनी पाहिला नव्हता. वडिलांनी दात ओठ खात पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी पडली. तेव्हा कुठे तिने फॉर्म भरला.

तेव्हापासून रीतच पडली. दर निवडणुकीला ती स्वतःचं फूल, स्वतःचं पाणी घेऊन यायची, पाषाणावरून तळवा फिरवून तो कोरडा आहे का बघायची, आणि मग म्हणायची, "हां, लाव." वडील गेल्यावर पुढचे चार कौल मी लावले. चारही उजवे.

एकामागून एक सगळे उजवे, हे मला मधेच खटकायला लागलं होतं. तिच्या शेजारी राहून मलाही तिची बाधा झाली असणार. मी विचार करायचो, फूल हिच्या परसातलं. पाकळ्या ही स्वतः निवडून माझ्या हातात देते, ही उजवी, ही डावी म्हणून. उजवीकडची पाकळी मुद्दाम जाडजूड आणत असेल तर? जड पाकळी आधी सुटणारच. म्हणून चौथ्या निवडणुकीला मी एक उद्योग केला. तिने दिलेल्या पाकळ्या पाण्यात बुडवताना गुपचूप अदलाबदल केली. तरीही उजवीच पडली. साधा माणूस म्हणाला असता, चला, देवी खरी आणि बाईही खरी. मी म्हटलं, मी अदलाबदल करणार हे हिने आधीच ओळखलं असणार. महिनाभर मी याच विचारात होतो. बायकोने शेवटी विचारलं, पोटात दुखतंय का.

तिने लग्न केलं नाही. याबद्दल गावात तीन कथा होत्या आणि तिन्ही एकमेकींशी न जुळणाऱ्या, त्यामुळे मी त्या सोडून देतो. तिने वाढवलं ते भावाच्या मुलाला, नंदूला. नंदूच्या जन्माची गोष्ट मात्र एकच आहे आणि ती खरी आहे. भावजय अडली. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा बाळंतपणाची सोय नव्हती, डॉक्टरीणबाई नव्हती. जीपमध्ये घालून तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले, बरोबर पारूताय. तळेऱ्याच्या तिठ्यावर, जिथे आपला रस्ता हायवेला मिळतो, तिथे जीपमध्येच मूल झालं. मूल जगलं. आई तिथेच गेली. पारूताय तिठ्यावरून पोराला लुगड्यात गुंडाळून परत आली. राजकारणात ती त्यानंतर शिरली.

पुढे आमदार झाल्यावर गाडी तळेऱ्यावरून जाताना ती दर वेळी थांबवायची. खाली उतरायची, दोन मिनिटं उभी राहायची, परत बसायची. फूल नाही, हात जोडणं नाही. मी एकदा बरोबर होतो. मी विचारलं, "काय बघतस गो?" म्हणाली, "काय नाय. अजून हयच थांबूचा लागता, तां बघतंय."

पाच टर्ममध्ये तिने रस्ते केले, ओढ्यांवर साकव केले, शाळांवर छपरं घातली. पण तिला हवा होता तो दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड. दर अधिवेशनात ती तोच प्रश्न विचारायची आणि दर वेळी उत्तर यायचं की प्रस्ताव तपासला जात आहे. चौथ्या टर्ममध्ये इमारत उभी राहिली. रंग झाला, खाटा आल्या. माणसं आली नाहीत. डॉक्टरीणबाई, नर्स, भूल देणारा, एकाचंही पद मंजूर नाही. लोकांनी सांगितलं, ताई, उद्घाटन तरी करून टाका, निवडणूक जवळ आली. ती म्हणाली, "भिंती काय बाळंतपणां करतत?" आणि कुलूप स्वतःच्या हाताने ओढून बघून आली, नीट लागलंय का. पाचव्या टर्मच्या शेवटी पदांची फाईल अखेरच्या टेबलावर पोहोचली. एक सही राहिली आणि मुदत संपली. सहाव्यांदा उभं राहायचं ते त्या एका सहीसाठी, असं ती सगळ्यांना सांगत होती. आणि ही गोष्ट तिने तिघांना तीन तऱ्हांनी सांगितली नाही. सगळ्यांना एकच सांगितली.

अशात एका दुपारी नंदू माझ्याकडे आला. चाळिशीचा बाप्या, जिल्हा परिषदेवर निवडून आलेला, पांढरा शर्ट, दोन मोबाईल. येऊन पडवीत खाली बसला, खुर्ची नको म्हणाला.

"काका, आतेक झेपूचां नाय," तो म्हणाला. "हृदयाची झडप खराब आसा. डॉक्टरान सांगल्यान, प्रचार केल्यान तर गाडीतच जातली."

त्याने मोबाईलवर रिपोर्ट दाखवला. इंग्रजीत होता. मला निम्मा कळला, आणि जो कळला त्यात झडप होती.

"मगे तिका सांग," मी म्हटलं.

"माझां आयकता? ती म्हणतली, तुका तिकीट व्हयां म्हणान माका आजारी करतस." "ती एकाचांच आयकता. देवीचां. काका, तुमच्या हातात आसा."

मी काय समजायचं ते समजलो. उठून उभा राहिलो. म्हटलं, "नंदू, ह्यां परत बोला नको. आणि तिकीट तुका मिळतलां, ह्यां खरां काय नाय?"

"मिळतलां," तो म्हणाला. लपवलं नाही त्याने. "पण वॉर्ड मी करतलंय. माझी आवस तळेऱ्याक जीपीत गेली, काका. माका कोणी सांगूक व्हयां काय?" आणि तो रडला. मोठा माणूस रडताना बघणं मला जमत नाही. पण मी बघितलं, कारण खरं रडतोय का तेही बघायचं होतं. डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं, आणि आजही येत नाही.

पुढचे आठ दिवस मी ताईवर पाळत ठेवली असंच म्हणा ना. ती उताराच्या घाटीवरून विहिरीकडे जाताना थांबते का, थांबली तर किती वेळ. ती थांबत होती. एकदा भिंतीला हात लावून उभी राहिलेली दिसली, ओठ निळसर. मी घाबरलो, खरंच घाबरलो. दुसरीही एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. माझ्या मनात कुठेतरी रागही होता. वीस वर्षं माझ्या हातावर, माझ्या पाण्यावर, माझ्या दगडावर संशय घेतलास, आता घे. यातलं भीती किती आणि राग किती, याची वाटणी मला कधीच करता आली नाही.

कौलाच्या दिवशी सभामंडप भरला होता. पोरांनी मोबाईल वर धरले होते ते ताईने खाली घ्यायला लावले. देवळाच्या पायऱ्या अकरा. ती तीनदा थांबली. आत आली, नेहमीप्रमाणे फूल माझ्या हातात दिलं, पाण्याची तांबली दिली. मी बाजूला सरलो, म्हणजे तिला पाषाणावर हात फिरवून बघता येईल. ती जागची हलली नाही.

"आज नको बघूक," ती म्हणाली. "दम लागलो. तू आसस ना रे बाबल्या. लाव."

त्याच क्षणी मी थांबायला हवं होतं. पण बोटं पुढे गेली होती. उजवी पाकळी मी अंगठ्याने दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. मग गाऱ्हाणं घातलं. आवाज माझा नेहमीसारखाच लागला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"हे आई पावणाई, बारा वाड्यांचे राखणदारणी, तुझां लेकरू आज तुझ्या पायाकडे इलां हा. पाच वेळा उजवो दिलंस. आता सहाव्या वेळाक जावचां काय नको, तां तूच सांग. काय उणांदुणां झालां आसात तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा," मागून सगळे म्हणाले.

डावी पाकळी लगेच पडली. इतकी लगेच, की मला वाटलं आता सगळ्यांना कळणार.

कोणालाच कळलं नाही. कार्यकर्त्यांत गलका झाला. कोणी म्हणालं, फूल शिळं होतं. कोणी म्हणालं, ताई, पहिल्या वेळेसारखा दुसरा कौल मागा. आणि मीही मनात म्हणत होतो, माग गो, माग. दुसरा मी सारख्या हाताने लावेन, मग जे पडेल ते पडेल. ताई पडलेल्या पाकळीकडे बघत होती. वाकून तिने ती उचलली, पदराच्या टोकाला बांधली.

"पयल्या वेळाक माका माणसांचो संशय होतो, म्हणान मागितलंय," ती म्हणाली. "आज कोणाचो घेव? फूल माझां, पाणी माझां, आणि हात बाबल्याचो. देवीन नको म्हणल्यान. चला, उठा."

पायऱ्या उतरताना नंदूने तिचा दंड धरला होता. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

नंदू निवडून आला. माणूस वाईट नाही. लग्नाकार्याला येतो, फोन उचलतो, वाकून नमस्कार करतो. वॉर्डबद्दल विचारलं की सांगतो, प्रस्ताव तपासला जात आहे. फाईल ज्या टेबलावर होती तिथून ती म्हणे पुन्हा पहिल्या टेबलावर गेली, कारण सरकारात काहीतरी बदललं. असेलही. मी तपासायला गेलो नाही. वॉर्डच्या इमारतीत आता जुन्या खुर्च्या आणि बंद पडलेले पंखे ठेवलेत. अडलेल्या बायांना घेऊन ॲम्ब्युलन्स अजून तळेऱ्याच्या दिशेनेच जाते, आणि तिचा आवाज आमच्या घरावरून जातो. तो आला की मी रेडिओ मोठा करतो.

आणि ताई? जी प्रचाराच्या गाडीत जाणार होती, ती चार वर्षं जगली. रोज घाटी उतरून विहिरीचं पाणी आणलं. रोज दोन पत्रं लिहिली, मंत्र्यांना, सचिवांना, ज्याला त्याला. माजी आमदाराच्या पत्राला उत्तर येतं, फक्त त्यात काही नसतं. ती उत्तरंही ती उजेडात धरून मागून पुढून बघायची. झडप खरोखर तितकी खराब होती का? विश्रांती मिळाली म्हणून जगली, की मुळातच जगणार होती? मी एकदा तालुक्याच्या डॉक्टरला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, असं सांगता येत नाही. सगळेच मला असं सांगतात.

ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो होतो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून माझ्या झाडाचे काजू भाजून, सोलून पिशवीत घेतले होते. ती घरासमोरच्या खळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर पत्राचं पॅड. बारीक झाली होती. डोळे मात्र तसेच, काजूच्या टेबलावरचे.

"इलस? बस," ती म्हणाली.

मी कट्ट्यावर बसलो. पिशवी तिच्यासमोर उघडून धरली. तिने एक काजू घेतला, बोटांत धरला, आणि तसाच अख्खा तोंडात टाकला.

इतक्या वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं. "फोडून बघूक नाय तू?" मी विचारलं.

"तुझ्या हातचो कित्याक फोडू?" चावता चावता ती म्हणाली. "बरो भाजलो हा." मग पॅड बाजूला ठेवून माझ्याकडे वळली. "बोल. काय सांगूचां आसा? खळ्यात शिरल्यापासून तुझां तोंड आज वायलां दिसता."

मी तोंड उघडलं. पाकळीपासून सुरुवात करायची असं वाटेत ठरवलं होतं. पहिलं वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

"काय नाय गो," मी म्हटलं. "यंदा काजी बरे लागले, इतकांच सांगूक इलंय."

ताईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं.

"बरां, मास्तरानू," ती म्हणाली. आणि पिशवीतला दुसरा काजू घेऊन तिने दोन नखांमध्ये धरला, फोडला आणि आत बघितलं.